सोलापूर-बीड गाडीच्या कंडक्टर ताई, हे तुमच्यासाठी

ताई नमस्कार. तुमचं नाव विचारायचं राहूनच गेलं, म्हणून इथं लिहितोय, म्हणजे मी बोलतोय आणि भाचा टाईप करतोय. डिसेंबरात रात्री सोलापूरला गाडीत चढलेला, अंगाला उसाची कुसळं चिकटलेली, तोच मी.

पोरगी डेंग्यूनं बीडला ॲडमिट, जवळ फक्त म्हातारी, आणि मी कोल्हापूरकडं ऊसतोडीला फडात. मुकादमाला म्हणलं दोन दिवस जाऊन येतो, तर म्हणला आधी उचल, म्हणजे सीझनआधी घेतलेले पैसे, फेड मग पोरगी बघ. तोडणीचे टनाला ३६६ रुपये, नवरा-बायकोच्या जोडीनं दिवसभरात दोन टन झाला तर झाला, आणि एका खाड्याचे, म्हणजे एक दिवस कामाला नाही आलं तर, हा हजार कापतो. बायकोला फडावरच ठेवून निघालो, दोघं निघालो असतो तर सोडलंच नसतं. भावकीतल्या एकाला म्हणलं तू तरी गाडी घेऊन जा, तर त्याच्या गाडीत डिझेल नव्हतं. लग्नाला जायला बरं असतं.

तिकिटाला कमी पडलेले ७० रुपये तुम्ही घातले, ते विसरणार नाही. पण खरं सांगू का ताई, त्याच्यापेक्षा तो फोन. माझा मोबाईल बंद पडलेला, तुम्ही तुमच्या फोनवरून माझ्या आईला लावला, पोरीला द्या म्हणलात आणि बोललात, "बाळा, तुझे पप्पा माझ्या गाडीत बसलेत, आत्ता तुळजापूर गेलं, उजाडायच्या आत आणून सोडते." धाराशिव आल्यावर परत लावलात. कोण लावतं हो? एसटीच्या माणसांना लोक सुट्ट्या पैशावरून शिव्याच देतात, मी पण दिल्यात.

तेरा वर्षांची आहे ती. दसरा झाला की आम्ही जातो, पट्टा पडला, म्हणजे सीझन संपला, की येतो, म्हणजे निम्मी पोरगी मी बघितलीच नाही. ऊसतोड कामगारांच्या लेकरांसाठी २०२१ ला सरकारी वसतिगृहं मंजूर झाली, सर म्हणले होते घाला, पण म्हातारीला सोबत कोण म्हणून मीच नको म्हणलं. ते आता खातंय मला. पप्पा गेले एवढंच तिला दरसाली कळायचं, पप्पा यायलेत हे पहिल्यांदा तुम्ही सांगितलंत.

पोरगी आता बरी आहे. मी नऊ दिवस राहिलो, खाड्यांचं बघू पुढच्या सीझनला. तुमचे ७० रुपये वेगळे काढून ठेवलेत. मशीनच्या तिकिटावरची अक्षरं उडायला लागली, तर तिनं पेनानं परत गिरवलंय, सोलापूर ते बीड, आणि दप्तरात ठेवलंय.