पुशअप चॅलेंज आणि माझं मनगट

संपादक साहेब, स.न.वि.वि.

आमच्या सोसायटीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर पुशअप चॅलेंजचं खूळ आलंय, पहिल्या दिवशी 10, मग रोज 3 वाढवायचे म्हणजे तिसाव्या दिवशी 97, आणि मी 47 वर्षांचा माणूस पोटासकट त्यात उतरलो. सहाव्या पुशअपलाच हात लटलट कापले आणि नाक थेट फरशीवर, मुलगी व्हिडिओ काढतच होती. पाचव्या दिवशी मनगट असं धरलं की स्कूटरचा अ‍ॅक्सिलरेटर पिळता येईना.

कोल्हापुरात राहतो, गल्लीच्या तोंडाला तालीम आहे, तरी तिथं कधी विचारलं नव्हतं, ही खरी लाज. गेलो तर वस्ताद म्हणाले, आधी भिंत, मग ओटा, मग गुडघे टेकून, जमीन सगळ्यात शेवटी. त्यात हिशेब आहे बघा, साध्या पुशअपमधे वजनाचा साधारण दोन तृतीयांश भार हातावर येतो, माझ्या 84 किलोचे झाले 55 च्या आसपास, गुडघे टेकले की तो वजनाच्या साधारण निम्म्यावर येतो. आपला तालमीतला जोर हा व्यायाम तर अजून वेगळा, कंबर वर घेऊन छाती जमिनीलगत पुढं काढायची, ते प्रकरण मला इतक्यात झेपणारं नाही.

पेपरांच्या पुरवणीत असले तक्ते छापता ना, त्यात एक दिवसाआड सुट्टीचा रकाना पण टाका की राव! सध्या स्वयंपाकघराच्या ओट्यावर 15 होतात, बायको म्हणते, झाले की तो पुसून पण घ्या.

एक वाचक, कोल्हापूर