चिमीची दाढ आणि रामबागेतली कल्हई

रॉचेस्टर, न्यूयॉर्क
१८ एप्रिल

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

चिमीच्या दाढेवरचं सीलंट, म्हणजे कीड लागू नये म्हणून खाचा बुजवणारा तो लेप, चार महिन्यांत निघालं, तेव्हा आता पुन्हा त्या भानगडीत पडायचं नाही, असं तू फोनवर म्हणालीस. ताई, सुट्टीत ती इंदूरला आईकडे जाते आहे ना, तिथे परत करून घे. सहाव्या वर्षी येणारी ही दाढ कायमची असते. तिच्यावरच्या खाचा इतक्या अरुंद असतात की ब्रशचा केसही तळापर्यंत पोचत नाही, आणि कीड तिथूनच लागते.

तेव्हा काय चुकलं ते मी पाहिलेलं नाही. पण चिमी मध्येच थुंकायला उठत होती आणि सगळं पाच मिनिटांत उरकलं, असं तूच सांगितलंस. म्हणजे दाढ ओली झाली असणार.

इंदूरला रामबागेत आपल्याकडे कल्हईवाला यायचा, आठवतो? आजीने चिंचेने लख्ख केलेली पातेली तो पुन्हा वाळूने घासायचा. मग भात्यावर तापवून नवसागर टाकायचा, पांढरा धूर उठायचा, आणि मगच कथील फिरवायचा. आजी म्हणायची, भांड्याला चिकटा राहिला तर कल्हई धरत नाही. दाढेचंही तसंच आहे. सीलंट लावणं हे शेवटचं सोपं काम. जीव ओतायचा तो आधीच्या तयारीत.

आधी खाचांतली घाण काढायची, कोरड्या ब्रशने किंवा तेल नसलेल्या प्युमिसने, म्हणजे घासायच्या बारीक दगडी भुकटीने. मग ३५ ते ३७ टक्के फॉस्फोरिक आम्लाची जेल लावून १५ ते ३० सेकंद थांबायचं. आम्ल म्हटल्यावर तू दचकशील, म्हणून सांगते. इनॅमल, म्हणजे दाताचं वरचं कठीण आवरण, वजनाने जवळजवळ ९६ टक्के खनिज असतं. आम्ल त्याचा अगदी वरचा थर किंचित विरघळवतं आणि डोळ्यांना न दिसणारी असंख्य छिद्रं पाडतं. पातळ सीलंट त्यांत शिरतं, निळ्या प्रकाशाखाली घट्ट होतं आणि मुळ्या रोवल्यासारखं धरून बसतं. ड्रिल नाही, इंजेक्शन नाही, दुखत नाही.

ही युक्ती आमच्या याच गावातली. कोडॅकवाल्या जॉर्ज ईस्टमन यांनी इथे मुलांसाठी दातांचा दवाखाना उभारला होता. तिथल्या मायकेल बुओनोकोर यांनी १९५५ मध्ये ती मांडली. रंग नीट धरावा म्हणून कारखान्यांत धातूवर आधी फॉस्फोरिक आम्ल लावत, तेच त्यांनी दातावर करून पाहिलं. त्यांनी वापरलेलं आम्ल ८५ टक्के होतं. हे वाचलं तेव्हा मला आपला कल्हईवालाच आठवला.

जेल पाण्याने नीट धुऊन दाढ हवेने वाळवली की ती खडूसारखी पांढरी, निस्तेज दिसते. तशी दिसली नाही तर आम्ल पुन्हा लावायचं. आणि या क्षणी थुंकीचा थेंब जरी लागला तरी छिद्रं बुजतात. नुसतं पुसून भागत नाही, परत आम्ल लावावं लागतं. डेंटल कॉलेजात शिकताना मी एकदा घाईने पुसून पुढे गेले होते. त्या मुलीचं सीलंट महिन्याभरात निघालं. ती परत आली, तेव्हा तिच्या आईचा चेहरा मला अजून दिसतो.

इंदूरला माझ्या वर्गमैत्रिणीशी बोलले आहे. ती रबर डॅम, म्हणजे दाढेभोवती थुंकी येऊ न देणारा रबराचा पातळ पडदा लावून, मदतनीस जवळ ठेवून करेल. दाढेवर हिरडीची झालर अजून असेल आणि दाढ कोरडी राहतच नसेल, तर तूर्त ग्लास आयोनोमर हा दुसऱ्या प्रकारचा लेप लावेल. तो कमी टिकतो, पण ओलावा जास्त सहन करतो. नंतर दर सहा महिन्यांनी दाखवत जा. सीलंट असलं तरी दोन दातांमधली फट उघडीच असते, तेव्हा रात्रीचा ब्रश चुकवायचा नाही.

चिमीकडून आतापासून सराव करून घे. रोज झोपताना दोन मिनिटं उताणी, तोंड उघडं, श्वास नाकाने, जीभ हलवायची नाही. आणि आईला सांग, त्या दिवशी सकाळी चिमीला दात घासूनच न्यायचं. पोहे-जिलेबी परत आल्यावर, हवी तेवढी.

तुझी धाकटी