भोपळ्यातल्या म्हातारीच्या ताईंना

ताई,

समोर बसून सांगायला गेले की गळा दाटून येतो, म्हणून लिहिते आहे.

आधीच्या नर्सरीत माझा मुलगा सात महिने काढून आला. साडेतीन वर्षांची पोरं तिथे चौकटीच्या वहीत पन्नासपर्यंत आकडे गिरवायची. हा बोलत नाही, पेन्सिल धरत नाही, म्हणून डायरीत शेरा आला, 'स्लो आहे, घरी तयारी करून घ्या.' त्याला काय आवडतं, हे तिथे एकदाही कुणी विचारलं नाही. तो राग माझ्या मनातून अजून गेलेला नाही.

तुमच्या अंगणवाडीत आम्ही आलो तेव्हा भोपळ्यातल्या म्हातारीची गोष्ट चालू होती. नारिंगी कागद चिकटवलेला खोका म्हणजे भोपळा. कुणी वाघ, कुणी कोल्हा. बाकीची चिंचोके मोजून म्हातारीचा शिधा बांधत होती. माझा मुलगा त्या खोक्यात शिरला आणि बाहेरच येईना. मी त्याला ओढायला धावले. तुम्ही माझा हात धरलात आणि मुलांना हळूच म्हणालात, "आत म्हातारी झोपलीय. दमलीय बिचारी. तिला उठवायचं नाही हं."

सगळा वर्ग चवड्यांवर चालायला लागला.

तिसऱ्या दिवशी वाघ झालेल्या मुलीने खोक्यावर टकटक करून विचारलं, "म्हातारे, कुठे चाललीस?" आतून आवाज आला, "लेकीकडे." घराबाहेर त्याच्या तोंडून निघालेला तो पहिला शब्द. मी दारात उभी होते, तिथेच खाली बसले.

घाबरलेल्या पोराला कुणी भित्रं म्हणायच्या आत तुम्ही त्याला गोष्टीत जागा करून दिलीत. हे कुठल्या प्रशिक्षणात शिकवतात का, मला माहीत नाही. मनच तेवढं मोठं लागत असणार. बालशिक्षणाचं काम करणाऱ्या ताराबाई मोडक १९४५मध्ये डहाणू तालुक्यातल्या बोर्डीला गेल्या, पुढे अनुताई वाघांबरोबर त्यांनी शिंपले, बिया, पानं घेऊन पाड्यांवरच्या अंगणांत मुलांना शिकवलं, हे मी वाचलं होतं. तुमच्या हातातले चिंचोके पाहिले आणि ते वाचलेलं खरं वाटलं.

आता घरी तो चिंचोक्यांचे वाटे करतो. वाघाला पाच, कोल्ह्याला तीन, ताईंना सगळे.

भोपळ्याचा तळ फाटलाय म्हणे. आमच्याकडे कुलरचा मोठा खोका आहे, सोमवारी घेऊन येते.

तुमची,
म्हातारीची आई