मंडईत या, नकाशा न आणता

मा. नगरविकास मंत्री,
महाराष्ट्र राज्य, यांस

स. न. वि. वि.

पानशेतच्या पुरानंतरच्या वर्षी मी शुक्रवार पेठेत जन्मलो आणि अजून तिथेच आहे. वाड्यात आम्ही अकरा बिऱ्हाडं होतो, आता तीन उरलोय. बाकीची कोथरूड, सिंहगड रस्ता, वाकड अशी पांगली. म्हणून वाडा ओस पडला असं मात्र समजू नका. माडीवर एमपीएससीची तयारी करणारी सात मुलं कॉट बेसिसवर राहतात, खालच्या दोन खोल्या एका व्यापाऱ्याने गोदामाला घेतल्यात आणि दिंडीदरवाजाशी सकाळी रस्त्यावरच्या विक्रेतीची पथारी लागते. मध्य पुण्याचं 'पुनरुज्जीवन' हा शब्द एखाद्या सादरीकरणात दिसला की मला पहिला प्रश्न पडतो, इथे मेलंय काय नक्की? गर्दी तर पाय ठेवू देत नाही. इथे राहणाऱ्याला आणि राबणाऱ्याला कुणी विचारत नाही, एवढीच उणीव आहे.

लक्ष्मी रस्त्याचं उदाहरण घ्या. 2021 पासून 11 डिसेंबरला 'पादचारी दिन' म्हणून त्याचा एक टप्पा गाड्यांसाठी बंद ठेवतात. कल्पना मला मनापासून आवडते. त्या दिवशी मी रस्त्याच्या मधोमध चाललो, वर मान करून जुन्या इमारतींचे सज्जे पाहिले, जे एरवी बघायला गेलं तर मागून हॉर्न बसतो. पण त्याच संध्याकाळी आळीतल्या कट्ट्यावर जे कानावर आलं तेही ऐका. दुकानदार म्हणतो, गिऱ्हाईक फिरायला येतं, खरेदी करून जात नाही. दुसऱ्या मजल्यावरच्या आजींना डायलिसिसला जायचं असतं, रिक्षा दारापर्यंत येत नाही. हमाल म्हणतो, माल रात्री उतरवायचा तर रात्रीचा दर कोण देणार? यातलं एकही गाऱ्हाणं असं नाही की चार बैठकांत तोडगा निघणार नाही. मालाच्या टेम्पोला पहाटेची वेळ, आजारी माणसाच्या घराला पास, दुकानदाराला आधी एक महिना करून बघायची मुभा. पण या बैठका रेषा मारण्याआधी व्हायला हव्यात. आपल्याकडे आधी सल्लागार नेमतात, मग नकाशा, मग निविदा आणि सगळ्यात शेवटी हरकती-सूचना. तोवर नकाशाची शाई वाळलेली असते. एका कार्यालयात अशा सुनावणीला मी गेलो होतो. माझं बोलणं साडेतीन मिनिटांत आटोपलं, त्यातलं अर्धं मिनिट नाव आणि पत्ता सांगण्यात गेलं. पुढे त्या हरकतीचं काय झालं, हे मला आजतागायत कळलेलं नाही.

हे मी महापालिकेऐवजी तुम्हाला का लिहितोय, तर किल्ली तुमच्या खात्याकडे आहे. 1992 च्या 74 व्या घटनादुरुस्तीने प्रभाग समित्या आल्या. 2009 मध्ये आपल्याच राज्याने कायद्यात क्षेत्रसभा आणली, म्हणजे काही मतदान केंद्रांचं मिळून एक क्षेत्र आणि तिथले सगळे मतदार तिचे सभासद. शहरातली ग्रामसभाच म्हणा. माझ्या पेठेत मी ती एकदाही भरलेली पाहिली नाही. शहराच्या जुन्या हद्दीच्या विकास आराखड्यावर, म्हणजे कुठे काय होणार हे ठरवणाऱ्या नकाशावर, हजारो पुणेकरांनी हरकती घेतल्या, तर 2015 मध्ये तो आराखडाच महापालिकेच्या हातून काढून सरकारने आपल्याकडे घेतला. मार्च 2022 मध्ये नगरसेवकांची मुदत संपली, ती पुढच्या निवडणुकीला 2026 चा जानेवारी उजाडला. दरम्यान मंडई आणि कसबा पेठेत भुयारी मेट्रोची स्थानकं सुरू झाली, फुल्यांची मुलींची शाळा जिथे भरली तो भिडे वाडा पाडला गेला. हे सगळं होत असताना बोलायला आमच्याकडे नगरसेवकसुद्धा नव्हता.

नागरिकांच्या सूचनांचं अंदाजपत्रक पुण्यात 2006 पासून आहे, हे तुमचे अधिकारी सांगतील. आहे, आणि चांगलं आहे. पण त्यातून बाकडी येतात. रस्त्यावर गाडी जाणार की माणूस, हे त्यातून ठरत नाही.

क्षेत्रसभेतही एक मेख आहे, तीही सांगून टाकतो. ती मतदारांची सभा. आमच्या माडीवरची सात मुलं लातूर-बीडकडचे मतदार. हमाल राहतो अप्पर इंदिरानगरला, पथारीवाली ताई जनता वसाहतीत. पेठेत सोळा-सोळा तास काढणारी ही माणसं सभेत बसणारच नसतील, तर ती आम्हा तीन बिऱ्हाडांची आणि मालकांची सभा होईल, आणि आम्ही पार्किंगच मागू. खोटं कशाला बोला. 2014 च्या पथविक्रेता कायद्याने नगर पथविक्रेता समितीत 40 टक्के जागा खुद्द विक्रेत्यांना दिल्या. मग पेठेच्या सभेत अभ्यासिकेतल्या मुलांना आणि हमालांना जागा द्यायला काय अडचण आहे?

एकत्र बसायचं कसं, हे आम्हाला शिकवावं लागणार नाही. गणपतीत कुणाचा मांडव किती पुढे येणार, मिरवणुकीत कुणाचा नंबर कुणाच्या मागे, यावर कडाकडा भांडून शेवटी तोडगा काढणारी मंडळं याच आळ्यांत आहेत. हमालांची संघटना, हमाल पंचायत, इथलीच. आणि ज्या मंडईला आज महात्मा फुल्यांचं नाव आहे, त्या इमारतीच्या खर्चाला नगरपालिकेचे सभासद असताना खुद्द फुल्यांनी विरोध केला होता. 1886 मध्ये ती उघडली ती तेव्हाचे मुंबईचे गव्हर्नर लॉर्ड रे यांच्या नावाने. विरोध करणाऱ्याचंच नाव पुढे इमारतीला लागलं, असं हे गाव आहे. हरकत घेणाऱ्याला घाबरू नका, एवढंच यातून सुचवायचंय.

शनिवारवाड्याभोवतीच्या शंभर मीटरचा बांधकामबंदीचा प्रश्न केंद्राच्या कायद्याचा आहे, ठाऊक आहे मला. तो आज काढत नाही. मागणी एकच आहे. मंडई मेट्रो स्थानकाच्या आसपासच्या चार-पाच आळ्यांपुरती क्षेत्रसभा यंदा भरवायला लावा. तिथे राबणाऱ्यांना तीत बसवा. पदपथ, मालाची चढउतार आणि पथाऱ्या या तीन गोष्टींचा निधी तिच्या ठरावाशी बांधा. आणि जी सूचना नाकाराल, तिच्यासमोर कारण लिहा, दोन ओळींत का होईना.

त्याआधी एकदा स्वतः या. गुरुवार सोडून कधीही, कारण गुरुवारी अर्धा बाजार दत्ताच्या दर्शनाला असतो. सकाळी सातला मेट्रोने मंडईला उतरा. ताफा आणू नका, लावायला जागा नाही. वर आल्यावर कोणत्याही भाजीवालीला विचारा, शुक्रवार पेठेतला तो पत्रं लिहिणारा कुठे राहतो. ती सांगेल, आणि जाताजाता तिचंही एक गाऱ्हाणं ऐकवेल.

आपला,
शुक्रवार पेठेतला एक रहिवासी