शब्द जसेच्या तसे लिहून घेणाऱ्या वकीलबाईंना

आदरणीय वकीलबाई,

सादर नमस्कार.

पक्षकाराच्या दुःखातून वकिलाची प्रसिद्धी होऊ नये, हा आपला आग्रह मी जवळून पाहिला आहे, म्हणून या पत्रात आपले नाव लिहीत नाही. तरीही हे आभार जाहीरपणे मानावेत असे वाटते, कारण ज्या अपमानाविरुद्ध आपण आयुष्य वेचले तो चारचौघांत होतो, आणि त्याविरुद्ध उभ्या राहिलेल्या माणसाचे ऋणही चारचौघांतच मान्य करायला हवे.

एप्रिल 2020 मध्ये, टाळेबंदीच्या काळात, माझ्या वॉर्डातील एक तरुण परिचारिका आणि मी रात्रपाळी संपवून पुण्यातल्या एका किराणा दुकानाच्या रांगेत उभ्या होतो. ती मणिपूरच्या उखरूल जिल्ह्यातली, तांगखुल नागा. रस्त्यावर खडूने आखलेल्या चौकटींत उभ्या असलेल्या माणसांसमोर एका गृहस्थाने तिला ‘ए कोरोना’ अशी हाक मारली, तिच्या डोळ्यांवरून आणि खाण्यापिण्यावरून तोंडाला येईल ते बोलला, नागा जमातीचा उद्धार केला आणि ‘आपल्या देशात चालती हो’ असे बजावले. त्याच रात्री ती कोरोनाच्याच रुग्णांची शुश्रूषा करून आली होती. ईशान्य भारतातील लोकांना या साथीच्या नावाने हिणवणाऱ्यांवर कारवाई करा, असे केंद्रीय गृह मंत्रालयाने 21 मार्चलाच सर्व राज्यांना कळवले होते. पोलीस ठाण्यात मात्र अदखलपात्र (न्यायालयाच्या आदेशाशिवाय पोलीस जिचा तपास करत नाहीत अशी) नोंद झाली आणि तिच्यात एवढेच लिहिले गेले: ‘किरकोळ कारणावरून शाब्दिक वाद’.

आपण दुसऱ्या दिवशी आलात आणि आधी तिच्याशी बोललात. काय घडले हे नंतर. जेवलीस का, झोप लागली का, घरी कळवले का, हे आधी विचारलेत. मग ठाण्यात बसून, कुणाशीही आवाज न चढवता, फिर्याद नव्याने लिहून घेतलीत. त्या माणसाने उच्चारलेला प्रत्येक शब्द, तो कितीही घाणेरडा असला तरी, फिर्यादीत जसाच्या तसा यायला हवा, असा आपला हट्ट होता. ‘जातिवाचक शिवीगाळ केली’ एवढ्या मोघम वाक्यावर उभी राहिलेली प्रकरणे न्यायालयात कशी कोसळतात, हे आपण मला समजावून सांगितलेत: नेमका शब्द कोणता, तो कोणत्या हेतूने उच्चारला आणि तो ऐकायला तिथे कोण होते, या तीन गोष्टी कागदावर नसतील तर अपमान झाल्याचे सिद्धच करता येत नाही. माझा जबाब देताना मी ‘तो तिला तुच्छ लेखत होता’ असे म्हणाले, तेव्हा आपण मला थांबवून विचारलेत, की हे तुम्हाला वाटले की कानांनी ऐकले? त्या प्रश्नाने माझा जबाब आखूड झाला आणि पक्का झाला. फिर्याद तिला वाचून दाखवल्याखेरीज आपण तिला सही करू दिली नाहीत, आणि तिची प्रत विनामूल्य मिळणे हा तिचा हक्क आहे म्हणून ती हातात पडेपर्यंत आपण उठला नाहीत.

पुढे तपास ॲट्रॉसिटी कायद्याप्रमाणे, म्हणजे अनुसूचित जाती-जमातींवरील अत्याचार रोखणाऱ्या कायद्याप्रमाणे, सहायक पोलीस आयुक्तांकडे गेला. तेव्हा एक वेगळीच अडचण पुढे करण्यात आली: तिचा अनुसूचित जमातीचा दाखला मणिपूरचा, तो महाराष्ट्रात कसा चालणार? आरक्षणाच्या सवलती राज्य बदलले की सोबत येत नाहीत हे खरे आहे. पण माणूस राज्य ओलांडून आला म्हणून त्याचा अपमान करण्याची मुभा मिळते, हा अर्थ आपल्याला कधीच मान्य नव्हता, आणि 2023 मध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या पूर्णपीठाने हेच स्पष्ट केले, की ॲट्रॉसिटी कायद्याचे संरक्षण मूळ राज्यापुरते मर्यादित नाही; गुन्हा देशात जिथे घडेल तिथे ते मिळते. त्या निकालाची प्रत आपण आम्हा दोघींना पाठवलीत. ती मी जपून ठेवली आहे.

आपले काम या एका प्रकरणापुरते नाही, हे मला उशिरा कळले. नव्वदच्या दशकात आपण ग्रामीण भागातील दलित आणि पारधी कुटुंबांची प्रकरणे चालवत होता. ऑगस्ट 2012 मध्ये पुण्यात ईशान्येकडील तरुणांवर हल्ले झाले आणि अफवांच्या धास्तीने लोक मिळेल त्या गाडीने गुवाहाटीकडे निघाले, तेव्हापासून ही मुलेही आपल्याकडे येऊ लागली. जानेवारी 2014 मध्ये दिल्लीतील लाजपत नगरात निडो तानिया या अरुणाचलच्या विद्यार्थ्याच्या केसांवरून केलेल्या चेष्टेचा शेवट त्याच्या मृत्यूत झाला, आणि ‘थट्टाच तर केली’ हा बचाव किती भयंकर आहे हे देशाला दिसले. त्यानंतर नेमलेल्या बेझबरुआ समितीने वांशिक अपमानासाठी भारतीय दंड संहितेत दोन नवी कलमे सुचवली. ती आली नाहीत, आणि तिच्या जागी जुलै 2024 पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेतही ती नाहीत. त्यामुळे अनुसूचित जमातीत नसलेल्या, मणिपूरच्याच मैतेई समाजातील मुलाला किंवा पुण्यात शिकायला आलेल्या आफ्रिकी विद्यार्थ्याला ॲट्रॉसिटी कायद्याचा आधार मिळत नाही. ही उणीव मला अन्यायाची वाटते. अशा मुलांनाही आपण परत पाठवत नाही. साध्या कलमांखाली का होईना, त्यांची तक्रार पूर्ण शब्दांत नोंदवून घेता.

आमचे प्रकरण विशेष न्यायालयात अजून चालू आहे, म्हणून त्याविषयी अधिक लिहिणे योग्य नाही. माझी सहकारी पुण्यातच आहे. घरी परत ये, असे आईवडील तेव्हा रोज फोनवर सांगत होते. फिर्यादीची प्रत हातात आली त्या संध्याकाळी तिने राहायचे ठरवले. त्या निर्णयाबद्दल, आणि आमच्या वॉर्डाला एक उत्तम परिचारिका राहिली त्याबद्दल, मी आपले अंतःकरणपूर्वक आभार मानते. पुढच्या तारखेला मी साक्षीसाठी हजर राहीन.

आपली कृतज्ञ,
एक परिचारिका, पुणे