बेन, टेबल हलवल्याबद्दल

आदरणीय बेन,
स. न. वि. वि.

तुमचे तोंडावर आभार मानायला गेलं की "चल, चल, कामाला लाग" म्हणून तुम्ही विषय मिटवता. म्हणून हे पत्र, आणि तेही सगळ्यांना वाचता येईल असं. हालोलच्या युनिटला तुमची बदली झाली त्याच्या आधीच लिहायचं होतं. आता लिहून होतंय, याचं निदान तुम्हाला तरी नवल वाटू नये. उघडपणे लिहायला दुसरंही कारण आहे. तुम्ही जे केलंत ते कुठल्याही सेक्शन हेडला उचलता येईल, आणि त्यातल्या बहुतेक गोष्टींना पैसा लागत नाही.

बाहेरच्या वाचकांसाठी थोडं सांगते. बेन म्हणजे गुजरातीत ताई, आणि या बेन आमच्या सेक्शन हेड होत्या. आमचा कारखाना ट्रान्सफॉर्मरचा, वडोदऱ्याच्या मकरपुरा जीआयडीसीत, म्हणजे औद्योगिक वसाहतीत. मी टेस्टिंगचे कागद बघते. वाइंडिंग रेझिस्टन्स, रेशो, मेगर, नो-लोड लॉस, लोड लॉस या रूटीन टेस्ट झाल्या की आकडे माझ्याकडे येतात. सर्टिफिकेट, वीज कंपनीच्या इन्स्पेक्टरची फाइल, डिस्पॅचची कागदपत्रं, सगळं माझ्या टेबलावरून जातं. दोन आकड्यांची अदलाबदल झाली तर तयार माल यार्डात अडकतो. आणि अशा कामावर बसलेल्या मला एडीएचडी आहे, म्हणजे लक्ष टिकवणं लहानपणापासूनच अवघड जातं अशी मेंदूची ठेवण. निदान पस्तिशी उलटल्यावर झालं.

डॉक्टरांनी शाळेची प्रगतिपुस्तकं मागितली तेव्हा मला वाटलं, थट्टा करतात. पण मोठ्या माणसाचं निदान करतानाही लक्षणं वयाच्या बाराव्या वर्षाआधीपासून होती का, हे बघावंच लागतं. २०१३च्या डीएसएम-५ या निदान-पुस्तिकेत सतरा वर्षं आणि त्यापुढच्यांसाठी लक्षणांची संख्या सहावरून पाचवर आणली, तरी लहानपणाची अट कायम आहे. आईनं दांडिया बाजारच्या घरातल्या ट्रंकेतून पुस्तकं काढली. दरवर्षी मास्तर बदललेले, अक्षर बदललेलं, शेरा तोच: हुशार आहे, लक्ष देत नाही. मुलगा वर्गात बाकांवरून उड्या मारत असेल तर निदान कोणी चौकशी तरी करतं. मुलगी गप्प बसून खिडकीबाहेर बघते, तिची सोय घरीदारी "वेंधळी" म्हणण्यावर होऊन जाते. आणि आमच्या वडोदऱ्यात डोक्याच्या डॉक्टरचं नाव काढलं की समोरच्याच्या डोळ्यांपुढे थेट कारेलीबागचं मेंटल हॉस्पिटल उभं राहतं, त्यामुळे मोठेपणीही कोणी आपणहून जात नाही.

तुम्हाला सांगितलं तेव्हा एडीएचडी हे मस्तीखोर पोरांचं काहीतरी असतं, एवढंच तुम्हाला ठाऊक होतं. तसं तुम्ही सरळ बोलूनही दाखवलंत. मग कागद पुढे ओढून विचारलंत, "काम नेमकं कुठं सांडतं ते सांग."

बेन, हा प्रश्न मला तोवर कोणी विचारला नव्हता. लक्ष का देत नाहीस, याला उत्तर नसतं. उत्तर असतं तर दिलं असतं की. पण कुठं सांडतं, ते मला तोंडपाठ होतं. जिन्यात, चालता चालता सांगितलेलं काम वरच्या पायरीपर्यंत टिकत नाही. आकडे उतरवताना कोणी हाक मारली की परत येईपर्यंत आपण कुठल्या ओळीवर होतो ते पुसलेलं असतं. "शुक्रवारपर्यंत दे" म्हटलं की गुरुवार संध्याकाळपर्यंत ते काम माझ्यासाठी जगातच नसतं. आणि मोठी फाइल सुरूच होत नाही. काय करायचं ते सगळं माहीत असतं, पुढ्यात कागद असतात, हात उचलत नाही. शेवटचं लोकांना सांगणं सगळ्यात अवघड. बाहेरून ते आळसासारखंच दिसतं. डॉक्टरांच्या भाषेत ही कार्यकारी क्षमतेची अडचण: कळतं सगळं, पण कळलेलं वेळेवर आणि ओळीनं हातून करवून घेणारी यंत्रणा दगा देते.

तुम्ही ते चारही मुद्दे लिहून घेतलेत आणि दुसऱ्या दिवशी माझं टेबल हलवलंत.

ते टेबल टेस्ट बे आणि स्टोअर्सच्या मधल्या दाराशी होतं. येणारा-जाणारा प्रत्येक जण थांबून मला "बेन, पेलुं सर्टिफिकेट थयुं?" (ताई, ते सर्टिफिकेट झालं का?) विचारणार. त्यांचं चुकत नव्हतं, दार तिथंच होतं. तुम्ही टेबल कपाटांच्या मागच्या कोपऱ्यात नेलंत, भिंतीकडे तोंड करून. दाराशी एक ट्रे ठेवलात: विचारायचं असेल ते चिठ्ठीवर. सकाळी दहा ते बारा कागदांच्या माणसांना हाक मारायची नाही. ही वेळ तुम्ही एकट्या माझ्यासाठी ठेवली नाहीत, सगळ्या सेक्शनला लावलीत. मी म्हणते, तुमची खरी हुशारी इथं होती. माझ्या एकटीसाठी नियम केला असता तर चार दिवसांत तो "हिचे लाड" झाला असता. सगळ्यांसाठी झाला, आणि सगळ्यात जास्त खूश झाले बिलिंगचे काका, ज्यांना कसलंही निदान नाही.

मग ती शीट. काय काम, कोणासाठी, कधी, हे तीन रकाने कोणीही काढेल. चौथा तुमचा: "झालं म्हणजे काय". "इन्स्पेक्शनची फाइल तयार कर" या एका वाक्यात किती कामं दडलेली असतात! फाइल भरली की झाली? सह्या झाल्या की झाली? स्कॅन होऊन मेल गेली की झाली? बाकीचे हे अंदाजानं ओळखतात. माझा अंदाज कधी अलीकडे थांबतो, कधी इतका पुढे जातो की कोणी न मागितलेले जुने रेकॉर्डही मी जुळवत बसते. चौथा रकाना आल्यावर अंदाज लावायचं कामच उरलं नाही. डिस्पॅच आणि स्टोअर्स यांच्यातली रोजची "मी दिलं होतं", "मला मिळालं नाही" ही जुगलबंदीही त्याच रकान्यानं बंद पाडली, हा वरचा नफा. "शुक्रवारपर्यंत"चेही तुम्ही तुकडे केलेत: मंगळवारी अर्धवट असेल तसं दाखवायचं. अर्धवट कागद बघून तुमच्या कपाळावर आठी आली नाही, म्हणून मी तो दाखवत राहिले.

सुरूच न होणाऱ्या फायलींवरचा तुमचा उपाय मात्र मला अजून गंमतीचा वाटतो. तुम्ही स्वतःच्या ओव्हरटाइमच्या शीट घेऊन माझ्यासमोर येऊन बसायचात. बोलायचं नाही, माझ्या कागदांकडे बघायचं नाही, शिकवायचं नाही. फक्त बसायचं आणि आपलं काम करायचं. दहाएक मिनिटांत माझंही पेन चालू व्हायचं. पुढे कळलं की एडीएचडीवाले जगभर हे करतात आणि त्याला बॉडी डबलिंग म्हणतात. काही जण व्हिडिओ कॉल लावून अनोळखी माणसासोबत कामाला बसतात. तुम्हाला यातलं काही माहीत नव्हतं. तुमचा मुलगा दहावीला होता तेव्हा त्याच्याजवळ स्वेटर विणत बसायचात, म्हणालात, तेच इथं केलं.

सगळंच जमलं असंही नाही. रंगीत चिकट कागदांची टूम आठवते? लाल म्हणजे आज, पिवळा म्हणजे उद्या. पंधरवड्यात भिंत उत्तरायणातल्या, पतंगांनी भरलेल्या आकाशासारखी झाली आणि मला त्यातलं काहीच दिसेना. फोनच्या अलार्मचंही तेच. सेक्शनमधल्या प्रत्येकाला ती धून पाठ झाली, मी सोडून. दोन्ही गोष्टी तुम्ही गाजावाजा न करता काढून टाकल्यात. "एवढं करूनही" हे शब्द तुमच्या तोंडून आले नाहीत. मदत करणाऱ्या बहुतेकांच्या तोंडून ते येतातच, माझ्या घरच्यांच्याही.

औषधाचं सांगते, कारण त्यावरून फार कुजबुज असते. मला मिथाइलफेनिडेट दिलं जातं. ते नियंत्रित औषध आहे, चिठ्ठीशिवाय मिळत नाही, आणि प्रत्येक केमिस्ट ते ठेवतही नाही. साध्या गोळीचा असर साधारण चार तासांत ओसरतो. हे ऐकून तुम्ही कामांची फिरवाफिरव केलीत: आकडे पडताळणं सकाळी, फोन आणि फायलिंग चारनंतर. गोळीनं भूक मरते, हेही तुमच्या ध्यानात राहिलं. डबा न उघडता परत नेताना दिसले की तुम्ही नुसतं "भाकरी कोणासाठी आणलीस?" विचारायचात.

येण्याच्या वेळेवरून आपला ऑफिसशी खटका उडाला होता. अर्धा तास उशिरा येऊन अर्धा तास उशिरा जायचं, एवढंच मागितलं होतं. उत्तर आलं, असं एकाला दिलं की शिस्त राहत नाही. त्यावर तुम्ही नवरात्रीचं मस्टर काढून समोर ठेवलंत. नऊ रात्री अख्खं वडोदरा गरब्याला असतं, सकाळी मॅनेजरपासून हेल्परपर्यंत सगळे डोळे चोळत उशिरा येतात, आणि तरी माल जातोच. त्याला कोणी सवलत म्हणत नाही. त्यानंतर कोणी वाद घातला नाही.

खटका सर्टिफिकेटवरूनही झाला होता: अपंगत्वाचा दाखला आहे का? इथं कायदा थोडा माहीत असलेला बरा. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम २०१६चा. त्याच्या अनुसूचीत २१ प्रकार आहेत. स्वमग्नता आणि विशिष्ट अध्ययन अक्षमता, म्हणजे डिस्लेक्सिया वगैरे, त्यात नावानिशी आहेत. एडीएचडीची वेगळी नोंद नाही. त्यामुळे माझ्यासारख्यांचं घोडं दाखल्यापाशीच अडतं. त्याच कायद्यात वाजवी सोयीची व्याख्या आहे: अवाजवी बोजा न टाकता, दिव्यांग माणसाला इतरांच्या बरोबरीनं हक्क वापरता यावेत म्हणून केलेले आवश्यक आणि योग्य बदल. सरकारी आस्थापनांवर ती सोय देण्याची जबाबदारी आहे, आणि समान संधीचं धोरण तर खासगी आस्थापनांनीही करायचं आहे. हे सगळं असावंच, आणि एडीएचडीचं नावही त्या यादीत यावं असं माझं मत आहे. पण तुम्ही तेव्हा म्हणालात, "टेबल सरकवायला दाखला कशाला हवा?" आणि त्या क्षणी मला कायद्यापेक्षा त्याचीच गरज होती.

आपल्या सेक्शनमध्ये मी एकटीच नाही, हे मला नंतर उमगलं. एकाला छापील आकडे नाचताना दिसतात. तुम्ही एकानं मोठ्यानं वाचायचं आणि दुसऱ्यानं लिहायचं अशी पद्धत सगळ्या टेबलांवर लावलीत, फॉर्मच्या ओळी एकाआड एक करड्या केल्यात. आणखी एकाला ठरलेलं अचानक बदललं की दिवसभर काही सुचत नाही, आणि लुकलुकणारी ट्यूबलाइट सहन होत नाही. ट्यूब बदलली, आणि इन्स्पेक्शनची तारीख हलली तर ती आदल्या संध्याकाळीच फळ्यावर यायला लागली. ते दोघे कोण, हे मी लिहिणार नाही. त्यांना विचारूनच इतकं लिहिलंय, आणि त्यातल्या एकानं "माझेही आभार लिही" असं बजावलंय. लिहिले.

एका गोष्टीसाठी वेगळे आभार. मागे प्रशिक्षणाला आलेल्या एका वक्त्यांनी सांगितलं, एडीएचडी ही दैवी देणगी आहे, अशी माणसं चौकटीबाहेरचा विचार करतात. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या, माझ्याकडे बघत. मला शरमल्यासारखं झालं. तंद्री लागली की मी तहानभूक विसरून काम करते, हे खरं आहे, पण ती कशात लागेल हे माझ्या हातात नसतं. सर्टिफिकेट बाजूला राहून फॉन्ट निवडण्यातही लागते. देणगी म्हणायला जिवावर येतं. चहाला तुम्ही एवढंच म्हणालात, "त्यांना तुझी फाइल भरायला बसवू या." मी खूप हसले. प्रतिभावान नसलेल्या, साधं काम नीट करू पाहणाऱ्या माणसालाही नीट टेबल मिळायला हवं, एवढंच माझं म्हणणं आहे, आणि ते तुम्हाला न सांगता कळलं होतं.

इकडची खबर: तुमच्या जागी आलेल्या साहेबांना मी शीट पहिल्याच आठवड्यात दाखवली. त्यांनी पाचवा रकाना घातलाय, "कोणाची वाट बघतोय". चांगला आहे, तुम्हीही हालोलला लावून बघा. दहा ते बाराची वेळ मात्र त्यांना दुपारी हवी आहे. मी गोळीचं गणित समजावलं, बिलिंगचे काका माझ्या बाजूनं आहेत, सोमवारी पुन्हा बोलणं आहे. तुमचा एक फोन आला तर काम लवकर होईल.

आपली,
कपाटांमागची