डोंगर संपला की झाडानं कुठं जायचं?

कन्नड, भाद्रपद

प्रिय दत्ता,
सप्रेम नमस्कार.

तुझं पत्र पोचलं. तिकडं हिमालयात तांबड्या फुलांचा बुरांस जानेवारीतच फुलायला लागलाय आणि हवा तापतेय तशी झाडं हळूहळू डोंगरावर वर सरकतायत, म्हणतोस. आल्प्समध्येही तेच चाललंय. युरोपातल्या ३०२ शिखरांच्या जुन्या-नव्या नोंदी ताडून पाहिल्या, तर २००७ ते २०१६ मध्ये शिखरांवर नव्या जाती वाढण्याचा वेग १९५७ ते १९६६ च्या पाचपट निघाला. ऐकायला बरं वाटतं. पण खालून आलेल्या दांडग्या जाती तिथल्या चिमुकल्या वनस्पतींना किती दिवस जगू देतील?

आता आपलं बघ. हजार मीटर चढलं की हवा साधारण साडेसहा अंशांनी थंड होते. म्हणजे एका अंशाची वाढ चुकवायची तर झाडाला दीडेकशे मीटर वर जावं लागणार. हिमालयात तेवढी जागा आहे. आपलं म्हैसमाळ जेमतेम हजारावर मीटर, त्यात माथा सपाट. बालाघाट त्याहून बुटका. इथल्या झाडानं कुठं चढायचं, म्हैसमाळच्या गिरिजादेवीच्या कळसावर?

मागं उघडीप बघून गौताळ्याच्या जंगलात गेलो होतो. कळलावी फुललेली. पानाच्या टोकाची तार करून तिनं शेजारची करवंदी पकडलेली, पाकळ्या उलट्या वळलेल्या, बुडाशी पिवळ्या नि टोकाला लालभडक. पावसानं ओढ दिली तरी तिचा कंद जमिनीत दम धरतो. धावड्याच्या कोवळ्या रोपाला ती सोय नाही. चार महिन्यांत मूळ खोल गेलं तर ठीक, नाहीतर पुढचे आठ महिने त्याला कोण पाणी पाजणार? हल्ली पाऊस पडतो तो एकदम कोसळतो, मग दडी मारतो. तिथं सालईची थोराड झाडं उभी होती, बुडाशी रोप मात्र हुडकावं लागत होतं.

अर्थात सगळं खापर हवामानावर फोडणं मला पटत नाही. चराई आहे, वणवे आहेत, घाणेरीनं तर उतारच्या उतार गिळलेत. १९८६ साली अभयारण्य झालं म्हणून गौताळा निदान टिकलाय. पण आधीच अशक्त झालेल्या जंगलाला ऊन जास्त लागतं, एवढं खरं.

एक काम कर. बुरांसाला पहिली कळी कधी दिसली, ती तारीख दरसाल वहीत टिपत जा. मी इथं पळस, मोह आणि सालईच्या तारखा लिहायला घेतल्यात. दिवाळीला येशील तेव्हा वही घेऊनच ये.

काकूंना नमस्कार सांग.

तुझा,
बाळू